हुकूम कोणता आणि मागणी कोणती?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सैन्यभरतीची तयारी करणारे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



‘सैन्यात जाणाऱ्या मुलांना चार शब्द सांगा’ असा निरोप मला आला तेव्हा मी जरा बिचकलो. मी काही फौजी नाही. बी.ए., बी.एड. होऊन मराठी आणि इतिहास शिकवणारा साधा शिक्षक आहे. बंदूक मी फक्त एन.सी.सी.च्या शिबिरात हातात धरली, आणि तीही परत जमा करताना हवालदारसाहेबांचे दोन शब्द ऐकून घेतले. पण जी मुले पहाटे साडेचारला उठून जुन्नर–नारायणगाव रस्त्याने, मंचर–घोडेगाव रस्त्याने धावताना दिसतात, त्यांतली पुष्कळशी माझ्या वर्गातून गेलेली आहेत. म्हणून बोलायला उभा राहिलो.

या मुलांची तयारी मी जवळून पाहतो. सोळाशे मीटर किती मिनिटांत, बीमवर किती वेळा हनुवटी वर गेली, नऊ फुटांचा खड्डा ओलांडता येतो की नाही, छाती किती फुगते, हे सारे ती बोटांवर सांगतात. लेखी परीक्षेसाठी गणित आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांचा फडशा पाडतात. अकॅडमीवाले फी घेऊन हे सारे शिकवतात आणि चांगले शिकवतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण भरती झाल्यावर, केंद्राच्या फाटकातून आत गेल्यावर, एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलावर दिवसातून शंभर वेळा कोणी ना कोणी हुकूम सोडणार असतो. त्या हुकमांपैकी कोणता मुकाट्याने पाळायचा आणि कोणत्या वेळी ‘साहेब, हे मला जमणार नाही’ असे सरळ उभे राहून म्हणायचे, याची तयारी कोणीच करून घेत नाही.

अशा प्रसंगी हवालदार अब्दुल हमीद यांची गोष्ट सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर जीपवरील तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडता फोडता ते शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ती गोष्ट सांगितलीच पाहिजे. परंतु रणगाडा समोर येण्याचा प्रसंग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. बराकीतला शेजारी, वरच्या हुद्द्याचा माणूस, रात्रीचा रोल कॉल, महिन्याचा पगार, हे मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते. मी आज त्याविषयी बोलणार आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. २०१६ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गात इतिहासाच्या चाचणीचे पेपर वाटत होतो. पेठेतला एक मुलगा पेपर घेऊन टेबलाशी आला आणि सर्वांसमोर म्हणाला, “सर, बेरीज चुकली. एकतीस नाही, चौतीस होतात.” त्या दिवशी माझे डोके कशाने तरी फिरलेले होते. मी म्हणालो, “उलट बोलतोस?” आणि एक ठेवून दिली. शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलावर हात उगारायला बंदी आहे, हे मला बी.एड.ला शिकवले होते; मी त्यावर दहा गुणांचे उत्तरही लिहिले होते! संध्याकाळी पुन्हा बेरीज केली. चौतीसच होते. रजिस्टरमध्ये आकडा गुपचूप दुरुस्त केला. मुलाला काही बोललो नाही. त्याचे वडील नंतर भेटले तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही, उलट म्हणाले, “सर, हड्डी हमारी, चमडी तुम्हारी.” मला तेव्हा बरे वाटले होते.

हा मुलगा पुढे अग्निवीर म्हणून भरती झाला. प्रशिक्षण पुरे करून पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा जुन्नरच्या एस.टी. स्टँडवर भेटला. तब्येत सुधारलेली, केस बारीक, चालण्यात ऐट. चहा घेतला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मग तो कपाकडे बघत म्हणाला, “सर, घरी पैसे कमी येतात म्हणून अब्बा विचारतात. काय सांगू?” हळूहळू सारे बाहेर आले. बराकीतल्या एका वरच्या हुद्द्याच्या माणसाने ‘तुम्ही पोरं कार्ड हरवता, माझ्यापाशी राहू दे’ म्हणून त्याचे ए.टी.एम. कार्ड ठेवून घेतले होते. नंबरही घेतला होता. पहिल्या महिन्यात ‘उसने’ म्हणून दोन हजार गेले, पुढच्या महिन्यात न विचारता चार. अग्निवीराच्या हाती पहिल्या वर्षी महिना एकवीस हजार येतात. तीस हजारांतले नऊ हजार निधीत जमा होतात. त्या एकवीसमधून घरी पंधरा पाठवायचे ठरले होते. मुलगा चार महिने कोणाजवळ बोलला नव्हता.

मी रागावून विचारले, “अरे, मग तोंड का नाही उघडलंस?”

तो म्हणाला, “मोठ्यांना उलट बोलायचं नसतं ना, सर.”

टोमणा नव्हता. त्याला ती थप्पड आठवत होती की नाही, मला कळले नाही. मला मात्र आठवली. पुढचा चहा मला गेला नाही.

त्या रात्री मी सैन्याचा कायदा काढून बसलो. १९५० चा हा कायदा इंटरनेटवर कोणालाही वाचायला मिळतो, पण भरतीची तयारी करणाऱ्या एकाही मुलाने तो उघडलेला मी पाहिला नाही. त्यातली एक्केचाळीसावी कलम सर्वांना ऐकून माहीत असते: वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडला तर शिक्षा, आणि जाणूनबुजून अवज्ञा केली तर चौदा वर्षांपर्यंत कैद. हे कडक आहे आणि कडकच असायला हवे. सियाचेनला प्रत्येक जण स्वतःच्या मताने वागू लागला तर पलटण एक रात्र टिकायची नाही. पण त्या वाक्यात ‘कायदेशीर’ हा शब्द आहे, तो वाचताना आपण गिळून टाकतो. हुकूम लष्करी कर्तव्याशी संबंधित असला पाहिजे. वरिष्ठाच्या खासगी फायद्याची गोष्ट वर्दीतल्या माणसाने मोठ्या आवाजात सांगितली म्हणून तिचा हुकूम होत नाही.

त्याच कायद्यात सत्तेचाळीसावी कलम आहे. आपल्या हाताखालच्या माणसावर हात उगारणाऱ्या किंवा त्याला अन्य प्रकारे छळणाऱ्या अधिकाऱ्याला, सुभेदाराला वा हवालदाराला कोर्टमार्शल होऊन सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेहेचाळीसावी कलम क्रूर आणि अश्लील वर्तनाबद्दल आहे, तीही तेवढीच कडक. पालकहो, हे मी मुद्दाम सांगतो, कारण अंगाला नको तसा हात लावण्याचे प्रकार मुलग्यांच्या बाबतीतही घडतात आणि मुलगे ते मुलींपेक्षाही अधिक लपवतात. आणि सव्वीसावी कलम तर प्रत्येक मुलाने घरातून निघण्यापूर्वी पाठ करावी अशी आहे. आपल्यावर अन्याय झाला असे ज्या जवानाला वाटते, त्याने आपल्या कंपनीच्या कमांडरकडे तक्रार करावी. तक्रार त्या कमांडरविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे करावी. आणि ज्याच्याकडे तक्रार येईल त्याने तिची होईल तितकी पूर्ण चौकशी केलीच पाहिजे. म्हणजे तक्रार करणे हे उलट बोलणे नव्हे. ज्या कायद्याने हुकूम पाळायला सांगितले त्याच कायद्याने तो दरवाजा ठेवला आहे. अट एवढीच की ठरलेल्या मार्गाने जावे आणि खरे बोलावे. खोटा आळ घेणाऱ्यालाही शिक्षा आहे, छप्पन्नाव्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत.

आता आमच्या मुलांना मी हे कसे समजावतो ते सांगतो. उस्ताद (केंद्रात शिकवणाऱ्या हवालदार-नायकांना याच नावाने हाक मारतात) म्हणाला, ‘बूट पुन्हा पॉलिश कर’, तर तो हुकूम. तुला वाटत असेल की बूट चकाकतो आहे, तरी कर. पलटणीतल्या एकाने चूक केली म्हणून सर्वांना मैदानाला दहा फेऱ्या, फ्रंट रोल, रात्री सामानासकट फॉलिन. याला तिकडे ‘रगडा’ म्हणतात. तो सोसावा. हा आपल्याच एकट्यावर अन्याय आहे असे मनात घेऊन रडत बसू नये. शरीर आणि मन घट्ट करण्याची ती पद्धत आहे, आणि जी मुले दुसऱ्या आठवड्यात घरी फोन करून ‘मला न्यायला या’ म्हणतात त्यांच्या आईबापांनीही लगेच गाडी ठरवू नये. शंका असेल तिथे आधी पाळावे, मग विचारावे.

पण कार्ड दे, पैसे दे, बाटली आणून दे, एक घोट घे नाहीतर तू मर्द नाहीस, तुझा फोन उघडून दाखव, माझ्यासाठी खोटी सही कर, ही हुकमाची यादी नाही. ही मागणी आहे. मागणीला नाही म्हणता येते, आणि ते पहिल्या दिवशी म्हणणे सर्वांत सोपे असते. पहिल्या दोन हजारांना जो ‘घरी द्यायचे आहेत, जमणार नाही’ म्हणतो, त्याला पुढचे चार हजार कोणी मागत नाही. आवाज चढवायचा नाही, मान खाली घालायची नाही, हात पाठीशी, नजर समोर. ‘अरे’ला ‘कारे’ करण्याची आपल्या भागातली सवय मात्र घरीच ठेवून जावी. वरिष्ठावर हात उगारला की चूक कोणाचीही असो, गुन्हेगार आपण. आंबेगाव तालुक्यातला एक मुलगा चार शिव्या सहन न होऊन केंद्रातून रात्री निघून आला. एकदा बिनपरवानगी निघून आला म्हणजे त्याच्यावर झालेल्या अन्यायाची चौकशी राहिली बाजूला, त्याच्या गैरहजेरीचीच सुरू झाली. गिळून बसणे आणि फुटून पळणे, आमच्या मुलांना हे दोनच रस्ते माहीत असतात. कारण मधला रस्ता आम्ही त्यांना शाळेत दाखवला नाही, घरातही नाही.

तुम्ही म्हणाल, ए.टी.एम. कार्डाची एवढीशी गोष्ट. वरिष्ठांच्या कानावर लहान गोष्ट गेली आणि त्यांनी वेळेवर मनावर घेतली नाही म्हणजे ती केवढी होते, हे आपल्या मुंबईने पाहिलेले आहे. १९४६ साली कुलाब्याला ‘तलवार’ नावाचे रॉयल इंडियन नेव्हीचे प्रशिक्षण केंद्र होते. बिनतारी संदेशाचे काम शिकणारी तरुण, शिकलेली मुले तिथे होती. जेवण वाईट, वागणूक गोऱ्यांना एक आणि हिंदी मुलांना एक, आणि कमांडर किंग नावाचा प्रमुख अधिकारी मुलांशी आईबापांवरून शिव्या देऊन बोलला. लक्षात घ्या, काही खलाशांनी त्याविरुद्ध रीतसर तक्रारी नोंदवल्या होत्या. दाद वेळेवर लागली नाही. १८ फेब्रुवारीला मुलांनी जेवण आणि काम नाकारले. दोन-तीन दिवसांत ते लोण ७८ जहाजांवर, सुमारे वीस हजार खलाशांपर्यंत गेले. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग होते. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला, दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि २३ तारखेला नेत्यांच्या सल्ल्यावरून खलाशांनी शरणागती दिली. त्या बंडामागे स्वातंत्र्याची ओढ होती यात शंका नाही, आणि इतिहासाच्या पुस्तकात आपण तेवढेच शिकवतो. परंतु न्यायमूर्ती फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली जी चौकशी झाली तिच्यासमोर अन्नाचा आणि अपमानाचा विषय पुन्हा पुन्हा आला. मीही वर्गात ही बाजू कधी सांगत नसे. आता सांगतो.

अलीकडचे उदाहरण घ्या. २०१७ च्या जानेवारीत काही जवानांनी जेवणाबद्दल आणि साहेबांच्या घरची कामे करावी लागण्याबद्दल मोबाईलवर व्हिडिओ काढून सर्वत्र पाठवले. देशभर चर्चा झाली. त्या वेळचे सेनाप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी तक्रारपेट्या ठेवायला लावल्या, थेट आपल्यापर्यंत तक्रार पोहोचेल अशी सोय केली, आणि त्याच वेळी सोशल मीडियावर तक्रार करणाऱ्यावर कारवाई होऊ शकेल असेही बजावले. सीमा सुरक्षा दलातल्या ज्या जवानाच्या डाळीचा व्हिडिओ सर्वांनी पाहिला, त्याला त्याच वर्षी नोकरीतून काढण्यात आले. तो खरे बोलत होता की नाही, हा वाद मी इथे उकरणार नाही. माझ्या मुलांना मी इतकेच सांगतो की मोबाईल हा तक्रारीचा कागद नव्हे. सरळ मार्गाने न्याय नाहीच मिळाला तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. तिथपर्यंत जायला वेळ लागतो, पण नोकरी हातात ठेवून जाता येते.

एक विषय आपल्या घरांत दबक्या आवाजात निघतो, तोही उघड बोलू. आपले मूल तिकडे आपले राहील ना? सैन्यात सर्व धर्मांचे धर्मगुरू नेमलेले असतात, त्यांत मौलवीही असतात, आणि ते नायब सुभेदाराच्या हुद्द्याचे असतात. मन मोकळे करायला हाही एक माणूस आहे, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. पण सर्वच गोष्टी आपल्या मनासारख्या होणार नाहीत. दाढी राखण्याच्या आग्रहावरून हवाई दलातून काढलेल्या एका मुस्लिम जवानाचे अपील सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी फेटाळले. ज्यांच्या धर्मात केस कापण्यास मनाई आहे त्यांच्यापुरतीच नियमात सवलत आहे आणि दलाची एकसारखी शिस्त राखण्यासाठी नियम वैध आहे, असे न्यायालयाने म्हटले. कोणाला हा निकाल आवडेल, कोणाला आवडणार नाही. मला त्यातून दिसते ते असे की जी गोष्ट आपण कोणत्याही परिस्थितीत सोडणार नाही, ती अर्ज भरण्याआधी घरात बसून ठरवावी आणि नियम वाचून घ्यावा. सही केल्यानंतर भांडणे हे मुलाच्याही हिताचे नाही आणि पलटणीच्याही.

पालकहो, आता थोडे तुमच्याविषयी. त्या मुलाने चार महिने तोंड उघडले नाही याला मी कारण होतो, पण मी एकटा नव्हतो. दर महिन्याच्या एक तारखेला घरून फोन जायचा: पैसे टाकलेस का? टोमॅटोचा भाव पडला आहे, बहिणीचे लग्न ठरते आहे, वरचा मजला अर्धा राहिला आहे. तो मुलगा बराकीतल्या माणसाला नाही म्हणू शकला नाही, कारण घरातल्या माणसांनाही त्याने कधी नाही म्हटलेले नव्हते. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची आहे. त्यानंतर जास्तीत जास्त शंभरातल्या पंचवीस जणांना कायम ठेवतात, आणि ते वरिष्ठांनी केलेल्या मूल्यमापनावरून. हे प्रत्येक मुलाच्या डोक्यात रात्रंदिवस असते. ‘बोललो तर माझा नंबर जाईल’ या भीतीने तो गप्प बसतो. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. म्हणूनच त्याला घरी एक माणूस तरी असा हवा की ज्याच्याशी तो पैशांव्यतिरिक्त बोलेल. फोनवर आधी ‘जेवलास का, झोप होते का, कोणी त्रास देतं का’ विचारावे. पैशाचे शेवटी. अठरा वर्षांखालील मुलाच्या भरतीला आईबापांची संमती लागते. ती सही करताना तरी मुलाला समोर बसवून हे बोलणे व्हावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे भाषणानंतर पुष्कळांनी विचारले, म्हणून इथे लिहितो. सुट्टी संपायच्या आत आम्ही दोघांनी बसून एका पानावर तारखा आणि रकमा लिहिल्या. बँकेचा उतारा काढला. तो परत गेला. सेक्शन कमांडरमार्फत त्याने कंपनी कमांडरची भेट मागितली. तीन दिवसांनी भेट मिळाली. साहेबांनी दोघांना बोलावले, उतारा पाहिला. कार्ड त्याच दिवशी परत मिळाले, पैसे तीन हप्त्यांत. त्या माणसाची बदली दुसऱ्या बराकीत झाली. मुलाच्या मूल्यमापनावर याचा काही परिणाम होईल का, ते चार वर्षे भरल्यावर कळेल. त्याने ती जोखीम समजून घेतली आहे. बराकीतल्या आणखी दोन मुलांनी मात्र त्याच आठवड्यात आपापली कार्डे परत मागून घेतली.

तेव्हापासून दर रविवारी धावणे संपल्यावर आम्ही शाळेच्या व्हरांड्यात एक तास बसतो. एकाने उस्ताद व्हायचे, एकाने रंगरूट. उस्ताद काहीही फर्मावतो. रंगरूटाने ते हुकूम आहे की मागणी हे ओळखून तसे वागायचे. मग तक्रारीची रंगीत तालीम. हिंदीतून करायची, कारण तिकडे मराठी चालत नाही. आपल्या मुलांना हिंदीचा गर्व असतो, पण आपल्या घरातली दखनी ऐकून उत्तरेकडची मुले हसतात हे त्यांना तिथे गेल्यावर कळते. भीमाशंकरकडच्या वाड्यांतून येणाऱ्या मुलांची तर हिंदीच्या नावाने जीभच टाळ्याला चिकटते. असाच एक मुलगा, धावण्यात सर्वांच्या पुढे, पहिल्या रविवारी ‘साब’ म्हणून थांबला. दुसऱ्या रविवारी ‘साब, मुझे’ इथवर आला. तिसऱ्या रविवारी टाच आपटून, भिंतीकडे बघत, एका दमात म्हणाला: “साहब, मुझे कंपनी कमांडर साहब से मिलने की इजाजत चाहिए. वजह मैं उन्हीं को बताऊँगा.” व्हरांड्यात टाळ्या पडल्या.

गेल्या सुट्टीत आमचा तो पेठेतला मुलगाही तालमीला आला होता. सुभेदारसाहेब झाला होता, आणि फार कडक झाला होता. तालीम संपल्यावर सर्वांसमोर मी त्याची माफी मागितली; बेरीज चौतीस होती हे सांगितले. तो हसला. म्हणाला, “सर, ते मला तेव्हाच माहीत होतं.”

तालीम दर रविवारी सकाळी साडेआठला असते. पालकांनीही यावे. साहेबांची खुर्ची पुष्कळदा रिकामी असते, तिच्यावर बसून अर्जी ऐकायला आम्हांला मोठी माणसे हवी आहेत.